अनुभव धागा : तालमीचा चहा आणि पेपरातली ती बातमी

तालीमवाला

काल रात्री कोल्हापुरात कसबा बावड्यातनं परत येत होतो. टेम्पोत मागं नेपथ्याचे चार फ्लॅट, म्हणजे रंगवलेल्या भिंतींच्या चौकटी, दोन लेव्हल आणि ते धरून बसलेला आमचा प्रकाशवाला. एका गतिरोधकावर टेम्पो असा उसळला की मागनं आवाज आला, "जिवंत हाय रं मी, सावकाश!" पुढं बसलेले आम्ही तिघं एकदम हसत सुटलो. टेम्पोवाल्याला काही कळंना.

बाहेरगावच्यांसाठी सांगतो. 2025 च्या जानेवारीत पेपरात आलं होतं. बावड्यातल्या एका आजोबांना हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यात सांगितलं, गेले. घरी पुढची तयारी सुरू झाली, आणि अँब्युलन्स गतिरोधकावरनं आदळली तेव्हा आजोबांची बोटं हलली. दुसरीकडं नेलं, उपचार झाले आणि काही दिवसांनी आजोबा चालत घरी आले.

आमच्या ग्रुपचा एक रिवाज आहे. दिवसभर उद्यमनगरात हिशोब लिहितो, साडेसातला शाळेच्या हॉलवर तालीम. त्याआधी चहा, आणि चहाबरोबर पेपरातली एक विचित्र बातमी. ज्याची पाळी त्यानं ती मोठ्यानं वाचायची, पण स्वतःच्या आवाजात नाही, जी भूमिका बसवतोय तिच्या आवाजात. बातमी खरी पाहिजे आणि वाचणाऱ्यानं हसायचं नाही. सरांनी हे जीभ सुटावी म्हणून सुरू केलं. आता त्याशिवाय तालीम लागतच नाही.

8 ऑगस्ट 2024 ला आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्या रात्रीपासून आमचा हा पेपर बंद होता. कुणी ठरवून बंद केला नव्हता. चहा यायचा, पेपर कोपऱ्यात घडी तशीच. पाच महिने. मग ही आजोबांची बातमी आली आणि आमच्यात आजी करणारी पोरगी आपणहून उठली. अजिबात न हसता, आजीच्या आवाजात तिनं वाचली, आणि शेवटी पदरचं एक वाक्य जोडलं, "अहो, उठताय न्हवं? गतिरोधक आला." हॉल क्षणभर गप्प आणि मग असा हसला की शाळेचा शिपाई धावत आला. सर डोळे पुसत म्हणाले, "एंट्री अशी पाहिजे. सगळ्यांनी आशा सोडल्यावर."

परवा खासबागेवरनं गेलो तर नाट्यगृहाच्या बाजूनं ठोकाठोकीचा आवाज येत होता. गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ ऐकत थांबलो.

तुमच्याकडं असं काय काय झालंय ते लिहा. नाटकाचे दिवस, बातम्या, तालमी, काहीही.

गंगावेसकर

लई भारी भावा. तालमीवरनं आठवलं. माझ्या लग्नाच्या बैठकीत मामांनी सांगितलं, पोरगा रोज सांजच्याला तालमीत जातो. सासरे निपाणीकडचे, जुने पैलवान. एकदम खूश. पहिल्या दिवाळीला दोन किलो बदाम पाठवले थंडाईसाठी. पहिला प्रयोग बघायला आले तर सरळ खासबागेच्या कुस्ती मैदानाच्या दारात जाऊन उभे! दोन्ही वास्तू शाहू महाराजांच्याच आणि पाठीला पाठ लावून, त्यामुळं चूक तशी फार नव्हती. आम्ही शोधून आत आणलं. पहिल्या अंकानंतर विंगेत आले आणि म्हणाले, "जावईबापू, ह्यात बी दम लागतोय की." त्यानंतर एक प्रयोग चुकवला नाही. बदाम अजून येतात, सगळा ग्रुप खातो.

विंगेतली

बदाम आमच्या ग्रुपला पण पाठवा 😄

आमच्याकडं गेल्या वर्षी चपलेची बातमी रंगली. जून 2025. इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्यासारखी चप्पल दाखवली, कोल्हापूरचं नाव नाही आणि किंमत लाखावर. आपल्या चपलेला 2019 लाच भौगोलिक मानांकन मिळालंय. सगळा जिल्हा चिडलेला. नंतर त्यांनी मान्य केलं, त्यांची माणसं इथं येऊन कारागिरांना भेटून पण गेली. मी तेव्हा पाटलीणबाई करत होतो. वाचायला उठलो आणि म्हटलं, "अगं बया, पायात लाख रुपयं हायती आणि मी शेण काढतीया!" पेपर तिथंच संपला, कुणी पुढचं वाचूच देईना.

पण चपलेचं खरं काम रंगमंचावर झालं. पाटील करणाऱ्यानं हट्टानं कापशीची चप्पल आणली, आवाजासाठी विंचू घातलेली. ती करकर इतकी वाजायची की विंगेत तो जागचा हलला तरी मागच्या रांगेत ऐकू जायचं. दोन तालमी आम्ही वैतागलो. मग दिग्दर्शकांनी तेच वापरलं. दिवे मंद, रंगमंचावर सगळे गप्प, आणि विंगेतनं नुसती करकर. पाटील दिसायच्या आधी टाळ्या पडायच्या. अजून अंगावर काटा येतोय.

मुक्काम पुणे

मस्त लिहिलंय. एक विचारू? "करत होतो", "उठलो" म्हणताय. तुम्ही ताई का दादा?

विंगेतली

ताईच हो. आमच्यात बायका पण आलो, गेलो, जेवलोच म्हणतात. कुकर लावून आलो, थांबा.

गंगावेसकर

पुणेकर, माझी आई पण तसंच बोलते. एकदा बाहेरच्या परीक्षकांनी आमच्या नायिकेचे उच्चाराचे मार्क ह्यावरनं कापले होते. भूमिका कोल्हापुरातल्या बाईचीच होती. अजून वाईट वाटतंय, कारण ती पोरगी त्या वर्षीची सगळ्यात चांगली नटी होती.

प्रॉपर्टीवाला

मी प्रॉपर्टी बघतो, म्हणजे नाटकात हाताळायचं सामान. माझी बातमी केळ्याची. नोव्हेंबर 2024, न्यूयॉर्कच्या लिलावात भिंतीला टेपनं चिकटवलेलं एक केळं 62 लाख डॉलरला गेलं, म्हणजे आपले 52 कोटींच्या आसपास. घेतलं त्यानं नंतर खाऊन टाकलं.

आता आमचं नाटक असं की दुसऱ्या अंकात म्हातारा स्टेजवर केळं सोलून खातो. खोटं चालत नाही, साल सुटताना दिसावी लागते. दर प्रयोगाला मी अर्धा डझन आणायचो आणि तिसऱ्या घंटेपर्यंत एक सुद्धा राहायचं नाही. पोरं रंगभूषा करून उपाशी असतात, त्यांचा तरी काय दोष. ती बातमी आली त्या आठवड्यात मी एक केळं विंगेच्या भिंतीला टेपनं चिकटवलं आणि खाली लिहिलं, "52 कोटी. दुसरा अंक." कुणी हात लावला नाही. म्हाताऱ्यानं बरोबर वेळेला भिंतीवरनं काढलं आणि आत गेला. तेव्हापासून हेच चालू आहे. बाकीची पाच पोरांना वाटून टाकतो.

डिमरबोर्ड

प्रॉपर्टीवाले दादा __/\__

आमची ताजी आहे, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली चोरी. 19 ऑक्टोबर 2025. भर सकाळी सामान चढवायच्या शिडीची गाडी लावून चढले, अंगात कामगारांची पिवळी जाकिटं, काही मिनिटांत राजघराण्याचे दागिने घेऊन पसार, आणि पळताना एक मुकुट खाली पडला. आमच्या वेशभूषेच्या ताई म्हणाल्या, बघा, कपडे बरोबर असले की कोण अडवत न्हाई.

मुकुट पडला हे वाचलं आणि आम्हाला आमचा जत्रेतला प्रयोग आठवला. भुदरगडकडचं गाव, ऐतिहासिक नाटक. राजा आवेशात वळला आणि मुकुट उडून थेट प्रेक्षकांत. मी दिव्यांवर, हात गार पडले. पहिल्या रांगेतला सातआठ वर्षांचा पोरगा उठला, दोन्ही हातांत मुकुट धरून स्टेजच्या कडेला आला. राजा खाली गुडघ्यावर बसला, मान पुढं केली आणि पोराकडनंच घालून घेतला. एक शब्द बोलला नाही. मी नकळत स्पॉट त्या पोरावर नेला. सगळं गाव उभं राहिलं. पुढच्या वर्षी त्याच गावात गेलो तर तो पोरगा बापाच्या खांद्यावर बसून सगळ्यांना सांगत होता, ह्या राजाला मी राजा केलाय.

विंगेतली

वाचून रडलो. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या काय माहीत.

चौथी रांग

नाटकाचं ठीक आहे पण शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली की प्रयोग लावू नका रे. मागं प्रेक्षक सोळा होते, त्यातले चार मध्यंतरात स्कोअर विचारत होते

गंगावेसकर

कुठली मॅच? पाटाकडील का शिवाजी?

चौथी रांग

ते इथं नको भावा, धागा चांगला चाललाय

शाहूपुरीची

8 ऑगस्टचं लिहिलंत म्हणून लिहिते. माझी आई तिशीपासून हौशी नाटकांत काम करायची. घरचं सगळं आवरून, भाकऱ्या करून झाकून ठेवून तालमीला. त्या नाट्यगृहात तिचे किती प्रयोग झाले मोजले नाहीत. दर वेळी आत जाताना पहिल्या पायरीला हात लावून कपाळाला लावायची. देवळात करतात तसं.

त्या रात्री भावाचा फोन आला. आईला सांगायचं नाही असं ठरवलं, पण तिनं गॅलरीतनं आभाळ लाल झालेलं बघितलं होतं. सकाळी म्हणाली, ने मला. 9 ऑगस्ट, केशवरावांची जयंती. त्यांच्या जन्मदिवसाला त्यांच्या नावाचं घर धुमसत होतं. समोरची दगडी भिंत उभी होती, मागं काही नव्हतं. बंबाचं काळं पाणी रस्त्यावरनं वाहत होतं. आपले किती कलाकार तिथं नुसते उभे होते, कोण कुणाशी बोलत नव्हतं. आत सोडत नव्हते म्हणून आईनं वाकून त्या काळ्या पाण्याला हात लावला आणि कपाळाला लावला. घरी आल्यावर दुपारच्या चहापर्यंत हात धुतले नाहीत.

आता रोज विचारते, कुठवर आलं काम. मी फिरायला जाते तेव्हा बघून येऊन सांगते. परवा सांगितलं, आवाज येतोय. तर म्हणाली, "ठोकतायत म्हणजे बरंय. नेपथ्य लागताना असाच आवाज येतो."

प्रॉपर्टीवाला

काकूंना नमस्कार सांगा.

तालीमवाला

उघडेल त्या दिवशी पहिल्या पायरीवर त्यांनाच उभं करूया. मी गाडी घेऊन येतो.

निवृत्त मास्तर

सर्वांचे अनुभव वाचले. बातमीवरून एक सांगतो. केशवराव कोल्हापुरातच जन्मले, 1890 साली. अठराव्या वर्षी हुबळीला त्यांनी ललितकलादर्श ही स्वतःची नाटक मंडळी काढली. त्यांच्यात आणि बालगंधर्वांत केवढी चुरस, दोघांच्या चाहत्यांची भांडणे व्हायची. आणि 8 जुलै 1921 रोजी हे दोघे एकाच रंगमंचावर उभे राहिले, संयुक्त मानापमान नाटकात, टिळक स्वराज्य फंडासाठी. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्या काळातली यापेक्षा अचंब्याची बातमी कोणती असेल!

माझ्या आजोबांना वाचता येत नव्हते. पेठेत एकजण पेपर मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकायचे. ती बातमी ऐकून दोघांनी पैज लावली होती की हे खोटे आहे, असे ते सांगत. त्यानंतर तीन महिन्यांत, 4 ऑक्टोबर 1921 ला, केशवराव गेले. वय फक्त 31. ही दुसरी बातमी त्याच माणसाने वाचली, पण अर्ध्यात थांबला आणि पेपर घडी करून खिशात ठेवला, असेही आजोबा सांगत. तालीमवाले, तुमचा कोपऱ्यातला घडी घातलेला पेपर वाचला आणि ते आठवले.

मुक्काम पुणे

मास्तर, अजून लिहा ना. आणि खाऊगल्ली चालू आहे का? पुढच्या शनिवारी येतोय.

गंगावेसकर

चालू की. प्रयोग असू दे नसू दे, भेळेला गर्दी तेवढीच. सातच्या आत या.

चिखलीकर

उशिरा लिहितोय, ऊसतोड चालू हाय. आमची प्रयाग चिखली, म्हणजे पंचगंगेच्या तोंडावर. पावसाळ्यात आम्हाला विचित्र बातमी हुडकायला लागत न्हाई, रोज राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी वाचतो. ती पण आकाशवाणीच्या आवाजात. 39 फूट इशारा, 43 धोका. 41 झालं की तालीम बंद, जनावरं बाहेर, फ्लॅट माडीवर.

2021 ला एक फ्लॅट राहिला. देवळाचा दरवाजा रंगवलेला, आमच्या आण्णांनी पंधरा दिवस खपून केलेला. नक्षी, पितळी कड्या, उंबरा, सगळं रंगाचं. लांबनं खराच वाटायचा. रात्रीत पाणी चढलं आणि दरवाजा गेला. घरं बुडाली होती, त्याचं दुःख कुणाला सांगणार. पण आण्णा शाळेतल्या छावणीत बसून तेवढंच बोलायचे, उंबऱ्याला शेवटचा हात राहिला होता म्हणून.

पाणी उतरल्यावर नदीखालच्या गावातनं फोन आला. तुमच्या नाटकाचं काय वाहून आलंय का? गेलो. फ्लॅट उसाच्या फडात अडकलेला त्यांना सापडला होता. त्यांनी धुऊन पारावर उभा केला होता. हार घातलेला, उंबऱ्यावर हळदकुंकू. तिथली एक म्हातारी म्हणाली, ह्यो आला आणि पाणी उतराय लागलं, असा कसा न्यायचा? मग आण्णा आत गेले, घरातनं रंग मागून आणला. रंग म्हणजे गेरू. आणि तिथंच सगळ्यांसमोर उंबऱ्याचा राहिलेला हात पुरा केला. नारळ फोडला आणि आम्ही दरवाजा घेऊन आलो. जानेवारीत पहिला प्रयोग त्या गावात केला, त्याच पारासमोर.

विंगेतली

नाद खुळा. काय बोलावं कळंना.

तालीमवाला

चिखलीकर, उद्या चहाला हे वाचू का? आजी करणारी पोरगी वाचेल. नियम एवढाच, बातमी खरी पाहिजे.

चिखलीकर

वाचा की. फकस्त नारळ दोन फोडलेले, एक आमचा एक त्या म्हातारीचा. ते बरोबर करून घ्या.