द्राक्षं तपासता, मग पेस्ट लावणारे हात का नाही?

निफाडची लेक:
द्राक्षाची फळछाटणी झाली की डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड या रसायनाची पेस्ट लावतात. युरोपीय संघाने 2008 मध्ये त्याला मंजुरी नाकारली. मुख्य कारण होतं हाताळणाऱ्या माणसाला असलेला धोका. आपल्याकडे पेस्ट लावल्यापासून काढणीपर्यंत महिने जातात, फळात अंश उरत नाही, आणि तीच द्राक्षं युरोपात रॉटरडॅम बंदरावर उतरतात. स्वतःच्या मजुराला जे लावू देत नाहीत, ते आमच्या मजुराने लावलेलं त्यांना चालतं. सीमेवरची सगळी कडक तपासणी खाणाऱ्यासाठी आहे. पेठ-सुरगाण्याहून दिंडोरीत कामाला येणाऱ्या बायकांना त्याचा काडीचा उपयोग नाही. निर्यातीसाठी प्लॉट नोंदवतो, नमुने प्रयोगशाळेत देतो, तिथेच मजुराच्या संरक्षणाचीही अट हवी.

पिंपळगावचा बागायतदार:
ताई, आणखी अट नको. 2010 आठवतंय ना? क्लोरमेक्वाट क्लोराइड, वेलीची वाढ रोखणारं आपलं सीसीसी, द्राक्षांत युरोपाच्या 0.05 मिलिग्रॅम प्रति किलो या मर्यादेच्या वर सापडलं आणि कंटेनर अडकले. आपल्याकडच्या तपासणीत ते रसायनच धरलेलं नव्हतं. भुर्दंड कुणी भरला? बागायतदाराने. दुसरं, नाशिकची थंडी वेलीला पुरत नाही. पेस्ट नसेल तर एक डोळा आज फुटतो, दुसरा आठवड्याने. मग एका वेळी काढणीला येणारा माल कुठून आणायचा? आणि युरोपाचं काय सांगता, वापर तिकडे बंद असला तरी हे रसायन जर्मनीत बनतं आणि बाहेर विकलं जातं.

रसायनवाले सर:
मला दोघांचंही पटत नाही. सीमेवरचा आकडा म्हणजे विषाची रेघ नव्हे. ज्या रसायनाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोप सरसकट 0.01 मिलिग्रॅम प्रति किलो लावतो, म्हणजे यंत्राला खात्रीने मोजता येईल त्याच्या आसपास. ही प्रशासकीय मर्यादा आहे. मजुराचा प्रश्न तिला टांगला तर खरेदीदार बदलला की प्रश्नही सुटून जाईल. दुबईला किंवा मुंबईच्या बाजारात जाणाऱ्या द्राक्षांच्या मजुरांनी काय करायचं? 1971 च्या कीटकनाशक नियमांतच संरक्षक कपडे आणि मजुरांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. आधी ते पाळून घ्या.

हरसूलचा पोरगा:
सर, नियम आहेत, पण बागेत येऊन बघा. रबरी हातमोजा दुपारच्या आत फाटतो. ऑक्टोबरच्या उन्हात पूर्ण बाह्यांचा सदरा कुणी ठेवत नाही. हे औषध अंगात गेल्यावर दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळतं. शरीरात दारू पचवणारी क्रियाच ते अडवतं. आमच्याकडे माणूस असा पडला की ‘जास्त झाली’ म्हणून घरी नेऊन झोपवतात. डॉक्टरला कुणी पेस्टचं सांगत नाही, मग नोंद कुठून होणार? पेस्ट लावल्यावर दारूला हात लावू नका, एवढं तरी मुकादमाने आमच्या माणसांना सांगायला नको का?

निफाडची लेक:
सर, तुमचा मुद्दा खरा आहे, कायदा सगळ्यांना सारखा हवा. पण इथे बागेत नियम विचारायला कुणी येत नाही, आणि निर्यातीचा कागद अडला की अख्खा तालुका हलतो. 2010 नंतर सीसीसीची तपासणी सुरू झाली ती कुणाच्या उपदेशाने नाही, माल अडकला म्हणून. तोच धाक मजुरासाठी वापरायला काय हरकत आहे?

पिंपळगावचा बागायतदार:
हरकत खर्चाची आहे. हातमोजे, चष्मा, मुकादमाचं प्रशिक्षण मी करतो, माझ्या बागेत तीही माणसंच आहेत. पण किलोचा भाव तिकडचा खरेदीदार ठरवणार आणि अटी माझ्यावर लावणार, हे मान्य नाही. अट घालायची तर तिचा खर्च भावात धरून द्या. तोवर माझा विरोध कायम.

रसायनवाले सर:
भावाचं भांडण तुम्ही खरेदीदाराशी घाला. पण ते मिटेपर्यंत थांबू नका. हरसूलचा पोरगा सांगतोय ती सूचना या छाटणीपासूनच मुकादमांना मराठीत लिहून द्या, आणि पेठ, सुरगाण्याच्या दवाखान्यांतही कळवा.