लेवीयपाशी अडकणाऱ्यांसाठी

ताई, दर जानेवारीत बायबल उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून वाचायला सुरू करता आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकापाशी वाचन थांबतं असं तुम्ही लिहिलंय. त्यात तुमच्या भक्तीची कमतरता नाही, हिशेबच जड आहे. आपल्या प्रोटेस्टंट बायबलात 66 पुस्तकं, 1189 अध्याय. वर्षात संपवायचं तर रोज तीन-चार अध्याय. लेवीयचे 27 अध्याय, त्यात अर्पणांचे आणि शुद्धाशुद्धतेचे नियम. नवख्या माणसाचा तिथे दम निघतोच.

त्यापेक्षा मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. 16 अध्याय आहेत, रोज एक धरला तरी सोळा दिवसांत येशूची सगळी कथा डोळ्यांसमोर येते. जोडीला बायबलमधलंच नीतिसूत्रे हे पुस्तक. त्याचे अध्याय 31, म्हणजे आज 12 तारीख असेल तर बारावा अध्याय. दोन दिवस चुकले तरी मागचं भरून काढायचं ओझं नाही.

वेळ पहाटेचीच हवी, हा वरच्या प्रतिक्रियेतला एका दादांचा आग्रह मला पटत नाही. आपल्या नागपुरात मे महिन्यात पहाटेच काय तो डोळ्याला डोळा लागतो, आणि मिहानमधल्या कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्यानं काय करावं? बायबलमधल्या स्तोत्रांचा कर्ता तर रात्रंदिवस मननाबद्दल बोलतो. रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला वाचन जोडा: चहा, डबा भरून झाल्यावर, रात्रीची कौटुंबिक प्रार्थना. आणि वाचून झाल्यावर एकच वचन वहीत उतरवा, लांबलचक टिपणं नकोत.