मॉडेल इंजिनासाठी ब्राँझचे बुश: खात्रीचा माल कसा मागायचा?

वाफवेडा
एका सिलिंडरचं आडवं वाफेचं इंजिन करतोय. क्रँकशाफ्ट १० मिमी, साध्या माइल्ड स्टीलचा, ग्राइंड केलेला. मेन बेअरिंगचे दोन आणि कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचा एक, असे तीन बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या छोट्या नळ्या) हवेत. ऑनलाइन मागवले, तर पाकिटावर नुसतं 'ब्राँझ बुश'. ग्रेडचा पत्ताच नाही. कानस मारली तर आतून चांगलंच पिवळं दिसतंय. पितळ तर गळ्यात मारलं नाही ना? खात्रीचा माल हवा तर नेमकं काय म्हणून मागायचं? तयार सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून, भाजून केलेले) बुश चालतील का?

जुना_टर्नर
नुसत्या रंगावर जाऊ नका, वजनावर जा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. तिन्ही बुश एकत्र दोऱ्यात ओवून कोरडं वजन लिहून ठेवा. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि बुश पाण्यात लटकत धरा. पूर्ण बुडाले पाहिजेत, तळाला किंवा कडेला टेकता कामा नयेत, भोकात बुडबुडा राहता कामा नये. आता काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घनसेंमी बुशांचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा. ८.४ ते ८.५ आलं तर पितळ. गनमेटल (कथील आणि जस्त असलेलं ब्राँझ) किंवा कथलाचं ब्राँझ ८.७-८.८ च्या घरात येतं. ७.६ च्या आसपास आलं तर अ‍ॅल्युमिनियम ब्राँझ, आणि सातच्याही खाली गेलं तर सिंटर्ड. एकच छोटा बुश मोजलात तर काट्याची चूकच पितळ-ब्राँझमधल्या फरकाएवढी होऊन बसते, म्हणून तिन्ही एकदम.

आता काय मागायचं ते. 'चांगलं ब्राँझ द्या' म्हणणाऱ्याला दुकानदार जे पडून असेल ते देतो. ग्रेड सांगा. तुमचा शाफ्ट मऊ आहे, तेव्हा शिसं असलेलं ब्राँझ घ्या: एलजी२ (तांबं ८५, कथील, शिसं, जस्त प्रत्येकी ५) किंवा एसएई ६६० (तांबं ८३, कथील ७, शिसं ७, जस्त ३). तेल जरा कमी पडलं तरी शिसं सांभाळून घेतं, बारीक कचरा आला तर तोही पोटात घेतं. पीबी१ फॉस्फर ब्राँझचं नाव मोठं आहे, पण ते कडक. त्याला कडक शाफ्ट आणि न चुकता तेल लागतं. अ‍ॅल्युमिनियम ब्राँझचा तर मऊ शाफ्टसाठी विचारही नको. झिजायचं तर बुशाने झिजावं, तो तासाभरात नवा होतो. क्रँकशाफ्ट होतो का?

दुसरं म्हणजे रॉड 'कंटिन्युअस कास्ट' (सलग ओतून काढलेला) मागा. वाळूच्या साच्यात ओतलेल्या रॉडमध्ये पोकळ्या निघतात, आणि त्या नेमक्या शेवटच्या कटला उघड्या पडतात! औद्योगिक नॉन-फेरस (लोखंडाव्यतिरिक्त धातूंच्या) विक्रेत्यांकडे कापून उरलेले तुकडे असतात, आपल्याला तेवढे पुरतात. टोकावरचा ग्रेडचा शिक्का कापून टाकू नका, काम नेहमी दुसऱ्या टोकाकडून सुरू करा.

भंगारप्रेमी
जुने मोठे व्हॉल्व्ह आणि पंपाचे बुश विसरू नका, त्यात गनमेटल सापडतं. वरच्या वजनाच्या चाचणीने खात्री करून घ्या. मात्र स्प्रिंगसारखी कडक, तांबूस, अनोळखी वस्तू मिळाली तर ग्राइंडरला लावू नका. बेरिलियम तांबं असेल तर त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

तेलकट
सिंटर्डबद्दल: एसएई ८४१ म्हणजे ९० टक्के तांबं, १० टक्के कथील. भुकटी दाबून, भाजून केलेलं, आणि आकारमानाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा तेल. गव्हर्नरसारख्या (इंजिनाचा वेग आवरणारा भाग) हलक्या, सतत एकाच दिशेने फिरणाऱ्या जागी झकास. मोठ्या टोकाला मी घालणार नाही. तिथे धक्के बसतात, शिवाय गळणारं गरम पाणी तेल धुऊन नेतं. घातलेच तर आतून रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) किंवा पॉलिश पेपर मारू नका, छिद्रं बुजतात. रॉकेलात धुवू नका, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नका, पुठ्ठा तेल पिऊन टाकतो. खरा आहे का हे बघायला हेअर ड्रायरने गरम करा, अंगावर तेलाचे थेंब फुटतात.

वाफवेडा
भागाकार ८.४६ आला. म्हणजे पितळच! एलजी२ चा तुकडा मागवतोय. बसवताना काय सांभाळू?

जुना_टर्नर
पितळ हलक्या खेळण्यात चालून जातं, पण पाकिटावर ब्राँझ छापून विकणं हा चोरपणाच.

ब्राँझमध्ये ड्रिल ओढलं जातं. ड्रिलच्या दोन्ही धारांच्या पुढची बाजू तेलाच्या दगडाने किंचित सपाट करा, मग शांतपणे कापतं. बुश दाबून बसवला की बोअर (आतलं भोक) आकसतो, म्हणून आधी थोडा लहान ठेवा आणि जागेवर बसल्यावर रीम करा. दोन्ही मेन बुश एकाच दमात, एका रेषेत. १० मिमीला ०.०२ ते ०.०२५ मिमी क्लिअरन्स (शाफ्ट आणि बुशामधली मोकळीक) पुरे. तेलाचं भोक वरच्या बाजूला: आडव्या इंजिनात पिस्टनचा जोर पुढे-मागे येतो, वरच्या बाजूला फारसा नसतो. भोकाची आतली कड स्क्रेपरने मोडा, नाहीतर ती शाफ्टवरचं तेल पुसत बसेल.