युद्धकैदी सोडण्याआधी सरकारनं संसदेला विचारायला नको?

खानापूरकर:
आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीत, १९७१ च्या बांगलादेश युद्धात जमालपूरच्या लढाईत होते. त्या युद्धात सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैदी आपल्या ताब्यात आले. ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारानंतर ते परत जाऊ लागले. बांगलादेश ज्या १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले भरणार होता, तेही एप्रिल १९७४ च्या करारानं सुटले. आणि पाकिस्तानच्या तुरुंगात असतील असं मानलं जाणारे आपले बेपत्ता ५४ जवान? असा करार संसदेनं आधी मंजूर करावा, ही अट आपल्या घटनेत नाही. असती तर एखादा खासदार उठून म्हणाला असता, आधी आमच्या माणसांची यादी दाखवा.

निपाणीचा वकील:
भावना समजते, पण तिसरा जिनिव्हा करार वाचा की. कलम ११८ सांगतं, लढाई थांबली की कैदी विनाविलंब सोडा. ते बंधन आहे, त्यावर मतदान कसलं घेता? शिवाय समोरचा देश 'आमच्याकडं कोणी नाही' म्हणत असेल, तर खासदार उठून काय करणार?

खानापूरकर:
काय करणार? ते ९३,००० आपल्या हातात असतानाच जाब विचारणार! नंतर हातात काय राहिलं? बरं, मंजुरी सोडा, निदान पूर्वसूचना द्या. ग्वांतानामोच्या अमेरिकी लष्करी तुरुंगातला कैदी हलवायचा तर ३० दिवस आधी तिथल्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, कळवायचं, असा अमेरिकेत कायदा होता. ओबामा सरकारनं मे २०१४ मध्ये तालिबानच्या कैदेतल्या अमेरिकी सार्जंट बर्गडालच्या बदल्यात ५ तालिबानी न कळवता सोडले. तिथल्या सरकारी हिशेबतपासनीसांनी कायदा मोडल्याचं लेखी सांगितलं.

निपाणीचा वकील:
आणि त्या ३० दिवसांत बातमी फुटून सार्जंटचा जीव गेला असता तर?

येळ्ळूरची सून:
माझे मिस्टर सरहद्दीवर आहेत, म्हणून लिहिते. २०१९ ला अभिनंदन २७ फेब्रुवारीला पकडले गेले. २८ ला इम्रान खाननी त्यांच्या संसदेत सुटकेची घोषणा केली, १ मार्चला ते वाघ्याला पोचले. ते दोन दिवस मी जेवले नव्हते. महिनाभर थांबा म्हणणाऱ्यांनी एकदा बेळगावच्या मराठा सेंटरमधल्या जवानांच्या क्वार्टर्समध्ये येऊन बसावं. मात्र सुटकेनंतर आठ दिवसांत कुणाला, कशाच्या बदल्यात सोडलं हे संसदेत सांगितलंच पाहिजे.

खानापूरकर:
ताई, तुमचं बरोबर. एकट्यादुकट्याच्या अदलाबदलीत महिना नको. पण युद्ध संपल्यावर हजारो माणसं परत पाठवताना घाई कसली? संरक्षण खात्याची ३१ खासदारांची स्थायी समिती आहे, तिला बंद दाराआड सांगा. पहिली गाडी सुटायच्या आत आमच्या बेपत्तांची यादी त्या टेबलावर पाहिजे.