नेब्युलायझरसाठी यूव्ही-सी बॉक्स घ्यावा का? मदत हवी आहे

मंडळी, आईला दम्यासाठी घरीच नेब्युलायझर सुरू केलाय, मास्क आणि औषधाचा कप नीट निर्जंतुक करायचाय, तर ते नवीन यूव्ही-सी (जंतू मारणारे अतिनील किरण) एलईडीवाले बॉक्स कुणी वापरलेत का? २६५ ते २८० नॅनोमीटरच्या त्या प्रकाशाने जंतूंचा डीएनए बिघडतो हे पटतं, पण तो थेट पडतो तिथेच काम करतो ना, मग कपाच्या आतल्या खाचांचं काय, आणि साध्या प्लॅस्टिकमधून तर तो फारसा आरपार जातच नाही. त्यापेक्षा बाळाच्या बाटल्यांचा स्टीम स्टरिलायझर बरा का? वाफेने मास्क वाकडा होईल अशी भीती वाटते. आईची फुफ्फुसं आधीच नाजूक, अर्धवट उपाय नकोय. हॉस्पिटलच्या सीएसएसडीत (उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या विभागात) काम करणारं कुणी असेल तर प्लीज सांगा, बजेट तीनेक हजार.