ट्रॅक्टरने ओढायला साखळी कोणती घ्यावी? १० मिमी की १३? हूक आणि शॅकलचं (पिन घालून बंद होणारी यू कडी) पण सांगा

केळीबाग_रावेर
राम राम मंडळी. रावेर तालुक्यात केळी आहे, ट्रॅक्टर ४५ एचपी. पावसाळ्यात केळीची गाडी भरायला आली की आमच्या पाणंदीत हमखास रुतते, काळी माती आहे, एकदा चाक फिरायला लागलं की पोटावर बसते आणि मग सगळे माझ्या ट्रॅक्टरकडे बघतात. आतापर्यंत नाड्यावर भागवलं. आता बांधावरच्या बाभळींचे बुडखे पण काढायचेत म्हणून साखळी घेऊनच टाकू म्हणतो. दुकानात दोन दाखवल्या, एक काळी रंगवलेली, किलोवर मिळते, दुसरी ग्रेड ८० म्हणतात, तिचा भाव ऐकून घाम फुटला, आणि दिसायला दोन्ही सारख्याच जाड! तर फरक नेमका काय आणि १० मिमी पुरेल का? हूक कोणता घ्यावा? आणि साखळी ट्रॅक्टरला लावायची कुठे, मोठा भाऊ म्हणतो टॉप लिंकच्या (मागे अवजार जोडायचा वरचा दांडा) जागी लाव म्हणजे बुडखा वर उचलल्यासारखा येईल.

फॅब्रिकेशन_भुसावळ
भाऊ, जाडी बघून साखळी घेऊ नका, ग्रेड बघा. ग्रेडचा आकडा म्हणजे पोलादाची ताकद. ग्रेड ८० म्हणजे तुटताना दर चौरस मिमीला ८०० न्यूटन ताण सोसणारं अलॉय स्टील. किलोवरची साधी एमएस (साध्या पोलादाची) साखळी ग्रेड ३० च्या आसपास धरा. आता हिशोब करा, १० मिमी ग्रेड ८० तुटते साडेबारा टनाच्या पुढे आणि तिच्यावर कामाचा भार लिहिलेला असतो ३.१५ टन, म्हणजे चार पट राखीव ठेवलेली. तेवढ्याच जाडीची ग्रेड ३० पाच टनाच्या आत तुटते, चार पट राखली तर काम सव्वा टनाच्या आतलंच. तोच भाव आहे भाऊ जो तुम्हाला घाम आणतोय.

तुमचा ४५ एचपी ट्रॅक्टर दोन टनाच्या आसपास असेल, आणि टायर जमिनीवर आहे तोवर ट्रॅक्टर सहसा स्वतःच्या वजनापेक्षा जास्त ओढत नाही, त्याआधी चाकच फिरतं. म्हणून १० मिमी ग्रेड ८० बास झाली, पण हळू ओढणार असाल तरच. झटका मारला की हा हिशोब गेला, ताण किती पट होईल कुणी सांगू शकत नाही. १३ मिमी ५.३ टनाची असते पण मीटरला पावणेचार किलोच्या पुढे भरते, १० मिमी सव्वादोनच्या आसपास. सहा मीटर १३ ची चिखलातून ओढत न्या एकदा, परत नाव घेणार नाहीत.

खरी ग्रेड ८० ओळखायला कडीवर ठराविक अंतराने ८ किंवा ८० चा ठसा असतो, इंग्रजी आकड्यात. हुकावर १०-८ असं फोर्ज करून लिहिलेलं असतं, पहिला आकडा साखळीची जाडी, दुसरा ग्रेड. नुसतं स्टिकर असेल तर सोडून द्या. आणि पिवळसर सोनेरी साखळी दाखवली तर ती बहुतेक ग्रेड ७०, ट्रकवर माल बांधायची, ओढायला चालेल पण डोक्यावर काही उचलायला नाही.

ट्रॅक्टर_धुळे
बाकी सगळं नंतर, आधी भावाला सांगा टॉप लिंकला साखळी अजिबात लावायची नाही!! ओढायचं फक्त ड्रॉबारवरून, म्हणजे मागे खाली असलेल्या ओढायच्या पट्टीवरून. टॉप लिंकची जागा मागच्या ॲक्सलच्या वर असते, तिथून ताण आला आणि बुडखा हलला नाही तर मागची चाकं जमिनीत धरून बसतात आणि इंजिनचा जोर अख्खा ट्रॅक्टर चाकाभोवती उलटा फिरवायला लागतो, पुढची चाकं वर जातात आणि ड्रायव्हर खाली सापडतो. हे एका सेकंदात होतं, क्लच दाबायला वेळ मिळत नाही. खालच्या लिफ्ट आर्म वर उचलून त्याच्या बारला साखळी लावली तरी तोच प्रकार. आमच्या भागात एक जण असाच गेला, नवीन ट्रॅक्टर होता, काय बोलणार.

बुडखा वर यायला पाहिजे ही भावाची गोष्ट बरोबर आहे, पण ते काम ट्रॅक्टरकडून नाही, बुडख्याजवळ करून घ्यायचं. आधी चारी बाजूंनी खणून मोठ्या मुळ्या कुऱ्हाडीने तोडा, बाभळीचं सोटमूळ राहतंच. मग जुन्या ट्रॅक्टरचं रिम बुडख्याला टेकवून उभं करा, साखळी बुडख्याच्या बुडाला आवळून रिमच्या डोक्यावरून ड्रॉबारला आणा. ट्रॅक्टर पुढे गेला की रिम लोळतं आणि साखळी बुडख्याला वर खेचते, ड्रॉबार मात्र खालीच. लो पहिल्या गिअरला, साखळीचा ढिलेपणा संपेपर्यंत क्लच हळू सोडायचा. पुढे वजनं असतील तर लावा. पुढचं चाक हललं की लगेच क्लच, परत खणा, जबरदस्ती नाही. रिम एखाद वेळी सटकतं, आजूबाजूला माणूस नको.

कापूस_चोपडा
एवढं काय राव, आम्ही नायलॉनच्या नाड्यानेच काढतो, ढिला सोडायचा आणि पळत झटका मारायचा, गाडी बाहेर. साखळी जड, त्यात गंजते.

फॅब्रिकेशन_भुसावळ
चोपडावाले भाऊ, नाडा ताणतो म्हणून झटका सोसतो, हे खरंय. पण जो ताणतो तो ताण साठवून ठेवतो, नाडा नाही तुटला तर ज्याला बांधलाय ते तुटतं, आणि मग गाडीचा हूक नाहीतर बंपरचा तुकडा गोफणीतल्या दगडासारखा काच फोडून आत. साखळी नाड्यापेक्षा कमी ताणते पण तीही तुटून उडते, म्हणून ओढताना मधोमध ओलं पोतं नाहीतर जुनी गोधडी टाकायची आणि रुतलेल्या गाडीपासून सगळ्यांना साखळीच्या लांबीपेक्षा लांब उभं करायचं. पाणंदीत नेमकं याचंच अवघड, गाडी निघताना बघायला अर्धं गाव उभं असतं.

नाड्याने झटका मारायचा असेल तर मधे साखळी जोडू नका. आणि साखळीने झटका मारूच नका. गाडीला बांधताना चेसीस नाहीतर ॲक्सल, बंपर आणि स्टिअरिंगचा रॉड नाही. ओढायच्या आधी चाकापुढची माती उकरा, शक्य असेल तर थोडे घड उतरवून घ्या, हमालांना कटकट वाटेल पण ट्रॅक्टरचं अर्धं काम होतं.

केळीबाग_रावेर
भलती कामनी माहिती शे भो! टॉप लिंकचं भावाला वाचून दाखवलं, गप्प झाला 😄 आता हुकाचं सांगा. दुकानात दोन प्रकार आहेत, एकाचं तोंड अरुंद आणि एकाचं रुंद. आणि विहिरीतली मोटर साखळीवर ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकने वर काढता येईल का, दर वेळी चेन कुप्पी (हाताने साखळी ओढून वजन उचलायची) आणायला लागते.

ट्रॅक्टर_धुळे
हायड्रोलिकने मोटर नको. आर्म किती वर जातात बघा, दोन हात पण नाही, मग मधेच धरून परत बांधायला लागेल आणि त्या वेळी मोटर कशावर लटकवणार. घोडी (विहिरीवर उभा करायचा तिपाई सांगाडा) आणि चेन कुप्पीच बरी.

फॅब्रिकेशन_भुसावळ
बरोबर. मोटर दोन पायांच्या साखळीवर, म्हणजे एका हुकातून खाली आलेल्या दोन साखळ्यांवर, घेणार असाल तर कोन बघा. दोन्ही पाय सरळ खाली असतील तर वजन निम्मं निम्मं वाटलं जातं, पण पसरून जमिनीशी ३० अंशावर आले की एकेका पायावर अख्ख्या मोटरचं वजन येतं. म्हणून पाय लांब ठेवा, कोन ६० च्या वर. वायररोपला यू-क्लॅम्प मारता ना, त्याचा यू भाग रोपच्या कापलेल्या टोकावर आणि बसका भाग वजन घेणाऱ्या बाजूला. अर्ध्या विहिरींवर उलटा बघतो मी, दोरी तिथेच चेंगरते.

अरुंद तोंडाचा ग्रॅब हूक, तो कडीत अडकतो, सरकत नाही, साखळी हवी तेवढी आखूड करता येते. रुंद तोंडाचा स्लिप हूक, त्यातून साखळी सरकते आणि फास आवळत जातो, बुडख्याला हा. फास घातला की क्षमता २० टक्के कमी धरा, ३.१५ ची अडीच टन. एका टोकाला ग्रॅब एका टोकाला स्लिप असं घेतलं तर तुमची दोन्ही कामं होतात. हूक क्लेव्हिसवाले घ्या, पिनने थेट कडीला बसतात, वेल्डिंग लागत नाही. ग्रेड ८० ला वेल्डिंग अजिबात करू नका, त्याचं उष्णता देऊन बनवलेलं बळ तिथेच जातं आणि ती कडी साध्या लोखंडाइतकीही भरवशाची राहत नाही. तुटली तर जोडकडी मिळते तीच लावा, नट-बोल्ट नाही.

ड्रॉबारला १६ मिमीचा बो शॅकल लावा, ३.२५ टनाचा येतो, साखळीला जुळतो. पिन त्याचीच, हरवली म्हणून दुसरा बोल्ट घालू नका. ताण सरळ रेषेत आला पाहिजे, आडवा ९० अंशात ओढला तर निम्मीच ताकद. कडी घासून १० टक्के बारीक झाली, म्हणजे १० मिमीची ९ झाली, की भंगारात. साखळीला गाठ मारू नका, पीळ काढूनच लावा.

केळीबाग_रावेर
शॅकल आणि ग्रॅब, स्लिप दोन्ही हूक लिहून घेतले. साखळी किती लांब घेऊ, सहा मीटर की दहा?

ट्रॅक्टर_धुळे
सहा घ्या. पाणंदीत ट्रॅक्टरला स्वतःच्या चाकाखाली कोरडी जागा मिळाली पाहिजे, ती आणखी लांब असेल तर दुसरी साखळी शॅकलने जोडा. एकच दहा मीटरची चिखलातून उचलून ट्रॉलीत टाकायला एकट्याला जड जाते, आणि पावसात दुसरा माणूस मिळत नाही.