जनऔषधीतली गोळी आईला चालू करू का?

आईला बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० आहे. मेडिकलमध्ये दहा गोळ्यांचे ७०-८० रुपये जातात, जनऔषधीत तेच पाकीट १५ च्या आत मिळालं. आईने ते उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाली ही माझी गोळी नव्हे, माझी दुसऱ्या रंगाची असते. आता मलाच धाकधूक. इतकं स्वस्त कसं?

गोळीबंद: बिनधास्त घ्या. टेल्मिसार्टन शोधलं जर्मन कंपनीने, पेटंट कधीच संपलं, म्हणजे आपण ज्याला ब्रँडेड म्हणतो ती पण जेनेरिकच की, म्हणजे पेटंट संपल्यावर इतर कंपन्यांनी बनवलेलं तेच औषध! वरचे पैसे एमआर (डॉक्टरांकडे फिरणारे कंपनीचे प्रतिनिधी), सॅम्पल, डॉक्टरांच्या कॉन्फरन्स यांचे.

तिरकस_तात्या: बिनधास्त बिनधास्त करू नका. माझ्या भावाला फिट्सचा त्रास, फेनिटॉइन चालू, मेडिकलवाल्याने न विचारता दुसऱ्या कंपनीची दिली आणि तीन वर्षांनी पहिल्यांदा फीट आली. गोळीमुळेच आली असं छातीठोक नाही सांगता येणार पण न्यूरोलॉजिस्ट जाम भडकले. आणि बायोइक्विव्हॅलन्स टेस्ट, म्हणजे जेनेरिक मूळ औषधाइतकंच रक्तात पोचतं का ती चाचणी, काही गटातल्या औषधांना सक्तीची झाली ती २०१७ ला, त्याआधी लायसन मिळालेल्यांचं काय?

गोळीबंद: तात्या, तो प्रश्न ब्रँडवाल्यांनाही लागू आहे ना! फेनिटॉइन, रक्त पातळ करणारी वॉरफरिन, थायरॉइडची गोळी यात डोस थोडा इकडचा तिकडे झाला तरी फरक पडतो, तिथे एकदा जी लागू पडली ती बदलू नये, मान्य. बीपीच्या गोळीला तोच नियम कशाला? आणि त्या टेस्टची ८० ते १२५ टक्के ही मर्यादा वाचून लोक म्हणतात गोळीत २० टक्के औषध कमी, तसं नसतं हो, तो रक्तात औषध किती पोचलं त्याच्या तुलनेचा हिशोब आहे.

मिरची_पावडर: खरी गोम काउंटरवर आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) डॉक्टरांना कंपनीचं नाव नको, जेनेरिक नावंच लिहा सांगितलं, आयएमएने (डॉक्टरांची संघटना) विरोध केला, त्याच महिन्यात स्थगिती. समजा लागू झालं असतं तरी कंपनी कोण निवडणार? दुकानातला पोरगा, ज्यात मार्जिन जास्त ती. आमच्याकडे तर जेनेरिकवर छापील किंमत ब्रँडएवढीच, आणि गिऱ्हाइकाला १० टक्के डिस्काउंट दिला की तो खूश.

धागाकर्ता: डॉक्टरांना फोन केला. म्हणाले चालू करा, फक्त दोन आठवडे रोज सकाळी बीपी लिहून ठेवा. आज चौथा दिवस, वहीत १३४/८२. आईच्या मते मशीन बिघडलंय.